बोटभर माया

लहान पोरीचा फ्रॉक बेतताना मी बाजूच्या शिवणीला दोन बोटं माया सोडते. बाईच्या ब्लाउजला बोटभर पुरते, पण पोरगी वाढत्या अंगाची, म्हणून कापड थोडं जास्त आत दुमडायचं. कपडा सुलटा केला की ते आतलं कापड कुणाला दिसत नाही. वर्षभरानं काखेत काचायला लागलं की टीप उसवायची, आतलं कापड मोकळं करायचं आणि नवी टीप मारायची. फ्रॉक आणखी एक वर्ष चालतो. शिंप्याच्या भाषेत या राखून ठेवलेल्या कापडाला मायाच म्हणतात.

आमच्या धावडा गावात आईला माय म्हणतात आणि ती जीव लावते त्याला माया. सप्ताहात महाराज सांगतात, की जे दिसतं पण टिकत नाही तीसुद्धा मायाच. या एका शब्दाचे तिन्ही अर्थ रोज कानावरून जायचे. ते एकमेकांना कापतात हे मला गेल्या श्रावणापर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

मी अंगणवाडी सेविका आहे. बावीस वर्षं झाली. सकाळी पोरांची वजनं, खिचडी, गाणी आणि रजिस्टर. दुपारनंतर घरी शिलाई मशीन. गेल्या श्रावणात गावात सप्ताह बसला. चौथ्या दिवसाचे महाराज तरुण होते आणि आवाज खणखणीत. ते म्हणाले, घरदार, मायबाप, लेकरंबाळं ही सगळी माया आहे, ती सुटल्याशिवाय देव भेटत नाही. टाळ वाजले. मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि शेजारणीचं दोन वर्षांचं पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं. झोपेतही त्याच्या मुठीत माझ्या पदराचं टोक होतं. पाय अवघडला म्हणून मी पदर हळूच ओढून पाहिला. मूठ आणखी आवळली. महाराज वर सोडायला सांगत होते आणि हे खाली धरून बसलं होतं. त्या वयाच्या पोरानं धरावं का सोडावं, हे मला कोणाला तरी विचारायचं होतं.

त्याच आठवड्यात लेक घरी आली होती. ती संभाजीनगरला एमएसडब्ल्यू करते. तिला एक टिपण मराठीत करायचं होतं आणि ‘अटॅचमेंट’ला शब्द सापडत नव्हता. ‘आसक्ती’ लिहिलं तर गीतेनं टाकून द्यायला सांगितलेला दोष वाटतो, ‘बंध’ लिहिलं तर बेडी आठवते. मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, ‘माया’ लिही. ती हसली. म्हणाली, ‘‘मम्मी, मग सरांना वाटेल मी वेदान्ताचा पेपर लिहिलाय.’’

त्या रात्री तिनं मला तिच्या वहीतला माणूस सांगितला. जॉन बोल्बी, जन्म 1907, लंडनचा. घर बड्या डॉक्टराचं. तिथल्या रीतीप्रमाणे पोरं दाईच्या हाती असायची आणि आई दुपारच्या चहानंतर तासभर भेटायची. ज्या दाईनं त्याला सांभाळलं ती तो चार वर्षांचा होण्याआधीच काम सोडून गेली. आई जावी तसं ते होतं, असं तो पुढे सांगत असे. मोठा होऊन तो मनोविकारतज्ज्ञ झाला. महायुद्धानं बेघर केलेल्या पोरांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्याकडून अहवाल मागवला, तो 1951 साली निघाला. त्यात त्याचं म्हणणं असं, की लहान लेकराला आईची, नाहीतर कायमची आईच्या जागी असलेल्या कुणाची, न तुटणारी ऊब लागते. आणि त्या उबेत दोघांनाही सुख वाटलं पाहिजे. मनाच्या वाढीला ती अन्नाइतकीच गरजेची. दुसरी गोष्ट त्यानं नंतर मांडली. ज्या पोराला मागे वळल्यावर आपलं माणूस दिसणार याची खात्री असते, तेच पोर पुढे लांबपर्यंत जातं.

हे मला नवं वाटलं नाही. अंगणवाडीत नवं पोर आलं की ते मदतनीस बाईच्या लुगड्याला चिकटतं. तिला मी सांगते, झटकू नको, राहू दे. चौथ्या-पाचव्या दिवशी ते पोर ठोकळ्यांपर्यंत जातं, वळून बघतं, परत येतं, पुन्हा जातं. ज्यांना झटकलं जातं ती भिंतीलाच बसून राहतात.

मी थांबले ती पुढच्या पानावर. बोल्बीबरोबर जेम्स रॉबर्टसन नावाचा माणूस काम करायचा. तेव्हा इंग्लंडातल्या दवाखान्यांत भरती झालेल्या पोरांना आईबाप वाटेल तेव्हा भेटू शकत नसत. आई येऊन गेली की पोर रडतं, वॉर्ड बिघडतो, म्हणून भेटीच नेमक्या ठेवलेल्या. रॉबर्टसन वॉर्डात बसून पाहत राहिला. सुमारे अडीच वर्षांच्या एका मुलीचे दवाखान्यातले आठ दिवस त्यानं कॅमेऱ्यानं टिपले, तो चित्रपट 1952 साली निघाला. त्याला अशा पोरांत तीन पायऱ्या दिसल्या. पहिली आकांताची: पोर ओरडतं, दाराकडे धावतं. दुसरी खचण्याची: ते गप्प पडून राहतं. तिसरीत ते जेवतं, खेळतं, कुणाकडेही जातं. नर्सा म्हणायच्या, रुळलं. फक्त आई आली की ते तिच्याकडे पाहत नाही. या तिसऱ्या पायरीला पुढे मिळालेल्या नावाचं लेकीनं भाषांतर केलं होतं: अलिप्तता.

डॉक्टरांना आधी पटलं नाही. पुढे 1959 साली तिथल्या सरकारी समितीनंच शिफारस केली, की पोरांना भेटायला आईबापांना मोकळीक द्यावी. लेक ते सगळं वाचून दाखवत होती. माझं ध्यान मात्र त्या एका शब्दावर अडकलं होतं.

मी चार वर्षांची असताना माय आणि बाप ऊसतोडीला गेले. मुकादमाची उचल घेतलेली होती. धाकटा भाऊ अंगावर पीत होता म्हणून त्याला नेलं, मला आजीपाशी ठेवलं. ट्रक निघाला तेव्हा मी ओढ्यापर्यंत मागे पळाले, एवढं आठवतं. नंतर बरेच दिवस संध्याकाळी ओट्यावर बसायची. मग बसणं बंद झालं. आजीच्या मागं शेण गोळा करायची, कोंबड्या हाकायची, सांगेल ते खायची. शेजारणी म्हणायच्या, ‘‘पोरगी लई शहाणी हाय, माय गेली तरी रडत न्हाई.’’ हे ऐकायला मला आवडायचं.

चैत्रात ट्रक परत आला. माय उतरली, काळीठिक्कर पडलेली, उसाच्या पाचटानं हात चिरलेले. तिनं हात पुढं केले. मी आजीच्या मागं गेले आणि विचारलं, ‘‘पाव्हणीला पाणी देऊ का?’’

हे मला आठवत नाही. आजी सांगायची. माय मात्र ही गोष्ट कधीही सांगत नाही. दुसरं कुणी सांगायला लागलं तर ती उठून आत जाते.

तिनं माझ्यासाठी लाल फ्रॉक आणला होता. कारखान्याजवळच्या बाजारातून, तयार, गळ्याला पांढरी लेस. तो मला घट्ट झाला. दिवाळीनंतर मला सोडून जाताना मी जेवढी होते तेवढ्याच मापाचा तिनं घेतला होता. सहा महिने तिच्या डोळ्यांपुढे मी तेवढीच राहिले होते. आजीनं शिवण उसवली, पण बाजारू कपड्यात माया ठेवत नाहीत, कापड वाचवतात. आत जेमतेम सूतभर निघालं. मग आजीनं आपल्या जुन्या लुगड्याची हिरवी पट्टी दोन्ही काखांखाली लावली. लाल फ्रॉक, हिरव्या पट्ट्या. तो मी फाटेपर्यंत घातला.

लेक झोपल्यावर मी अंधारात पडून विचार करत होते. गाव ज्याला शहाणपण म्हणत होतं, तीच रॉबर्टसनची तिसरी पायरी. आणि ती नुसती वरून पाहिली तर अगदी वैराग्यासारखी दिसते. पोर कुणासाठी रडत नाही. कुणी आलं काय, गेलं काय, सारखंच. भांड्यावरून भांडं काढावं तसं माणूस काढून ठेवतं. महाराज ज्याला मोठी कमाई म्हणतात ते चार वर्षांच्या पोरीला आपसूक मिळालं असेल, तर मग ती कमाई कसली?

पडल्यापडल्या एक चित्र आठवलं. धावड्यातून अजिंठ्याचे डोंगर दिसतात. शाळेच्या सहलीत आम्हाला लेणी दाखवायला नेलं होतं. सतराव्या लेण्यातलं एक चित्र आमच्या बाईंनी थांबवून दाखवलं होतं. बुद्ध खूप उंच, हातात भिक्षापात्र. समोर बाई आणि पोर, त्याच्या पुढे अगदी लहान. ती यशोधरा आणि राहुल. राहुल जन्मला तेव्हा सिद्धार्थ घर सोडून गेला, तो बुद्ध होऊन काही वर्षांनी परतला. आई पोराला पुढं करते आहे आणि पोर मान वर करून पाहतंय. चितारणाऱ्यानं त्या पोराची मान जेवढी मागं झुकवली आहे, तेवढी लहान पोरं बापाकडे पाहतानाच झुकवतात. राहुल या नावाचा अर्थ परंपरा ‘बंधन’ असा सांगते. पण पुढची गोष्टही त्याच परंपरेनं जपली आहे. बुद्धानं राहुललाही संघात घेतलं, तेव्हा आजोबा शुद्धोदन व्याकूळ झाले. मुलगा गेला, नातूही गेला. त्यांनी मागणं घातलं, की आईबापांच्या परवानगीशिवाय कुणा पोराला प्रव्रज्या देऊ नका. बुद्धानं तसा नियमच केला. ज्यानं सगळं सोडलं होतं त्यानं एका आजोबाच्या दुःखापुढे नियम बांधला. सोडून द्यायची वस्तू असती तर माया नियमात कशाला घातली असती?

आमच्याच जालना जिल्ह्यात जांब आहे, समर्थ रामदासांचं गाव. 1608 सालचा त्यांचा जन्म. नारायण नाव, सूर्याजीपंत आणि राणूबाईंचा धाकटा. बाप लहानपणीच गेला. पोर एकदा दिसेना. शोधाशोध झाली, तर घरातल्या अंधाऱ्या खोलीत एकटंच बसलेलं सापडलं. विश्वाची चिंता करतोय म्हणालं, अशी गोष्ट सांगतात आणि ऐकणारे कौतुकानं हसतात. मी अंगणवाडीवाली. बाप गेलेलं पोर अंधारात जाऊन बसतं, याकडे मी आधी दुसऱ्या नजरेनं पाहीन. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून, ‘सावधान’ ऐकून, ते पळालं. बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला तप, बारा वर्षं तीर्थाटन. माय जांबला वाट पाहत राहिली. रडून तिची दृष्टी गेली, असं सांगतात. चोवीस वर्षांनी दारात भिक्षेचा आवाज आला आणि आंधळ्या माउलीनं तो ओळखला. मुलानं तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं. त्यानंतरच ते कृष्णाकाठी गेले, मठ उभे केले.

डोळे खरंच आले का, हा वाद मला घालायचा नाही. मला एवढंच दिसतं, की गोष्ट सांगणाऱ्या लोकांना समर्थांना परत जांबला आणल्याशिवाय चैन पडलं नाही. जग मिथ्या सांगणाऱ्या शंकराचार्यांनाही परंपरेनं आईच्या शेवटच्या घटकेला कालडीला आणलं आहे, आणि संन्याशाला मनाई असलेला अग्नी त्यांच्या हातून तिला देवविला आहे. विरागी माणूस परत आईपर्यंत येऊ शकतो का, ही लोकांची कसोटी असावी. माझ्यासारखी गोठलेली पोर आईला पाव्हणी म्हणते. विरागी माणूस तिला लांबून आवाजानं ओळख देतो.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काला झाला. चौथ्या दिवसाचे ते महाराज त्यासाठी थांबलेले होते. चहा द्यायला गेले तेव्हा मी धीर करून विचारलं, ‘‘महाराज, दोन वर्षांच्या पोरालाही माया सोडायला सांगायची का?’’

ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘ताई, माया खोटी म्हणजे सशाच्या शिंगासारखी नव्हं. अंधारात दोरी पडलेली, ती साप वाटते. दोरी असतेच. दिवा आणला की साप जातो.’’

‘‘पण पोर घाबरलेलं असतं ते खरंच ना?’’

‘‘खरंच.’’

‘‘मग दिवा घेऊन दोरीपर्यंत ते एकटं जाईल का? कुणीतरी त्याचं बोट धरलं तर जाईल. ते बोट माया असेल तर आधी बोट लागतं, मग दिवा.’’

ते बराच वेळ बशीत पाहत होते. मग म्हणाले, ‘‘मला आठव्या वर्षी आळंदीला ठेवलं. पंधरा दिवस लई रडलो. मग रडू यायचंच बंद झालं. सगळे म्हणाले, पोरगा रुळला.’’ एवढं बोलून चहा संपवला आणि गाडीत बसले. त्यांना माझं पटलं का नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, एवढं खरं.

या सगळ्यातून एक वाईट अर्थ निघू शकतो, त्याची मला भीती वाटते. सगळा दोष आयांच्या माथी. बोल्बीचं बोट धरून तसं करणारे पुष्कळ झाले. आमच्याकडे मिरची तोडायला बाया पहाटे जातात. संध्याकाळी परत येतात तेव्हा हातांची नुसती आग होत असते. पोर धावत येतं आणि माय ओरडते, ‘‘थांब, हात तिखट हायेत!’’ मग ती दोन्ही पंजे वर धरून कोपरांनी पोराला कवेत घेते. तिच्याकडे बोट दाखवून कुणी ‘अटॅचमेंट’ शिकवू लागला तर मी त्याला आधी तासभर मिरची तोडायला लावीन. माझ्या मायनं मला सोडलं ते उचल फेडायला. तिनं सोडलं नसतं तर पोट रिकामं राहिलं असतं. बोल्बीनं स्वतःच लिहून ठेवलंय, की आईच्या जागी कुणी कायमचं असलं तरी चालतं. माझी आजी होती. तिची हिरवी पट्टी होती.

लेकीच्या वहीत एक अमेरिकी संशोधक होता, एडवर्ड ट्रॉनिक. 1970च्या दशकात त्यानं आयांना सांगितलं, तान्ह्याशी हसत खेळा आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवा. पोर आधी हसून पाहतं, हात उचलतं, आवाज काढतं, शेवटी मान फिरवून रडतं. हल्ली मी तो दगडी चेहरा रोज पाहते, मोबाइलच्या उजेडात, अंगणवाडीच्या पायरीवर. पण त्याच माणसाचं दुसरं म्हणणं मला जास्त कामाचं वाटलं. चांगल्या मायलेकरांतही दोघांचा सूर वेळेपैकी जेमतेम तीस टक्के जुळतो. बाकी वेळ चुकतो, निसटतो, मग पुन्हा जुळवला जातो. पोर घडतं ते या पुन्हा जुळवण्यातून. इंग्लंडातला बालरोगतज्ज्ञ विनिकॉट म्हणायचा, आई पुरेशी चांगली असली की बास. शिवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. न उसवलेला कपडा मी अजून पाहिला नाही. उसवल्यावर कोण सुई हातात घेतं, ते महत्त्वाचं.

म्हणूनच मला वाटतं, हे पुन्हा जुळवण्याचं काम मोठ्या दवाखान्यांइतकंच आमच्या ओट्यांचं आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत काम मांडलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. आमच्या पदाच्या नावात ते अंगण अजून आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सोबत्यांनी 1996 साली ‘संगाथ’ सुरू केली, ती आधी लेकरांच्या वाढीसाठी आणि कुटुंबांना सल्ला द्यायला. मनाच्या दुखण्यात गावातली साधी माणसं शिकवून तयार केली तर ती खरा आधार देऊ शकतात, हे पुढे त्यांनी मोजून दाखवलं. माझ्या रजिस्टरला वजनाचा रकाना आहे, उंचीचा आहे. दिवाळीनंतर कुणाची माय गेली, याचा नाही. तो मी मागच्या कोऱ्या पानावर आखला आहे. यंदा त्यात चार नावं आहेत. ती चार पोरं गाण्याच्या वेळी माझ्याजवळ बसतात. त्यांतलं एक अजिबात रडत नाही. त्याची आजी मला अभिमानानं म्हणाली, ‘‘लई शहाणं हाय.’’ मी म्हटलं, ‘‘रडलं तर मला सांगा, मी पेढे वाटीन.’’

माया जास्त झाली तर वाईटच. चार बोटं कापड आत कोंबलं की शिवण फुगते, काखेत टोचतं, पोरगी कपडा काढून फेकते. तिला कधीतरी तो कपडा टाकून दुसरा घालायचाच आहे, हे शिंपिणीला माहीत असतं. महाराजही तेच सांगत असतील. माझं म्हणणं इतकंच, की ज्या कपड्यात माया ठेवलीच नाही, तो सैल करता येत नाही. तो सरळ फाटतो.

परवा मायनं तिचं जुनं झंपर मला दिलं. आजारपणानंतर ती जरा सुटली आहे, कपडा दाटतो. मी टीप उसवली आणि आतलं कापड मोकळं केलं. बाहेरचा जांभळा रंग उन्हानं उडून राखाडी झालेला. आतल्या बोटभर पट्टीवर तो दुकानातून आणला तसा ताजा. जुन्या टिपेची भोकं ओळीनं दिसत होती. ती काही जात नाहीत. माय बाजूलाच बसली होती. म्हणाली, ‘‘भोकं दिसतील का गं?’’

मी म्हटलं, ‘‘हात खाली असल्यावर कुणाला दिसत नाहीत, माय.’’

तिनं हात खाली घेऊन पाहिला.